समुद्राचा बेत

आमच्या जत तालुक्यात माणूस घराबाहेर पडतो तो काही निमित्ताने. पंढरीची वारी असते, गुड्डापूरच्या दानम्मादेवीचे दर्शन असते, मार्गशीर्षातली यल्लमादेवीची जत्रा असते. घरात कोणी आजारी पडले तर मिरजेचा दवाखाना असतो. पाऊस रुसला तर कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांना ऊसतोडीला जाणे असते. लग्न, मयत, बाजार आणि तहसील कचेरी ही उरलेली कारणे. या यादीत ‘सुट्टी’ हे कारण नाही. तो शब्द आमच्या घरात मुलांच्या शाळेबरोबर आला आणि शाळेपुरताच राहिला. कामावर न जाण्याच्या दिवसाला आमच्याकडे ‘खाडा’ म्हणतात. सुट्टी मिळते आणि खाडा पडतो. या दोन क्रियापदांतच दोन प्रकारच्या आयुष्यांमधले अंतर सामावलेले आहे.

अशा घरात मी यंदा समुद्राचा बेत आखू लागले. दिवाळीनंतरचे पाच दिवस, जाणे-येणे धरून, मालवण आणि त्याच्या आसपासचा किनारा. माणसे चार: आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. चौघांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नाही. जतहून मालवण तीनशे किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या जवळचा समुद्र तीन पिढ्यांनी पाहिलेला नसावा, याचे कारण अंतरात नाही, हे उघड आहे.

जगात सुट्टीची कल्पना तरी कोठे फार जुनी आहे? फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला, आणि त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याआधी समुद्रकिनारा ही श्रीमंतांची मिरास होती. आपल्याकडे सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याला रजा मंजूर करणारा साहेब नसतो आणि नामंजूर करणाराही नसतो. त्याची रजा त्याने स्वतःच स्वतःला द्यायची असते, आणि म्हणूनच ती कधी दिली जात नाही.

युरोपातील थंड मुलखांतले लोक उन्हासाठी दक्षिणेच्या किनाऱ्यांवर जातात, असे वाचले की मला हसू येते. ऊन आम्हाला पुरून उरले आहे. आम्ही समुद्राकडे जायचे ते मोजमाप नसलेले पाणी पाहण्यासाठी. आमच्याकडे पाणी हे मोजण्याची वस्तू आहे. किती घागरी, किती पिंपे, टँकरची कितवी खेप, बोअर किती फूट खाली गेली, अशा हिशेबातच ते आमच्यासमोर येते. ज्याच्यापुढे हिशेब थांबतो असे पाणी एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच या बेतामागची इच्छा होती.

बेत आखायचा म्हणून मुलाचा नकाशा मी पुढे ओढला आणि एक गोष्ट प्रथमच नीट ध्यानात आली. आमच्या प्रदेशाने समुद्राकडे पाठ फिरवलेली आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६४ किलोमीटर. पण ती तिकडे वळत नाही. सुमारे १४०० किलोमीटरची वाट चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या तालुक्यातली बोर नदी भीमेकडे जाते आणि भीमा कृष्णेकडे. म्हणजे जतच्या माळावर पडलेला पावसाचा थेंब वाहिलाच, तर पूर्वेच्या समुद्राला जातो. पण तो थेंब मुळात येतो पश्चिमेच्या समुद्रावरून. नैर्ऋत्येचे वारे तो उचलतात, सह्याद्रीला धडकतात, घाटमाथ्यावर बहुतेक ओझे रिकामे करतात आणि हलके होऊन आमच्याकडे येतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जतला पाचशेच्या आतबाहेर. म्हैसाळ योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून आमच्याकडे चढवावे लागते, त्याचे कारण या नकाशातच आहे. तेव्हा मालवणला जाणे म्हणजे आमच्या पावसाच्या माहेरी जाणे होते, असे माझ्या मनाने घेतले.

पुढचा प्रश्न कधी जायचे हा होता, आणि सर्वांत अधिक दिवस त्यातच गेले. उन्हाळ्याची सुट्टी मोठी असते. पण मे महिन्यात आमच्याकडे टँकरची वेळ सांभाळायला घरात माणूस लागते. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बेटांकडे जाणाऱ्या नौका बंद असतात. भाद्रपद-आश्विनात शाळूची पेरणी. माघ-फाल्गुनात त्याची काढणी आणि मळणी, शिवाय मुलाची परीक्षा तोंडावर. अशी एकेक फट बुजत गेली आणि हाती कार्तिकाचा पहिला पंधरवडा उरला. शाळू पेरून झालेला असतो, परतीच्या पावसाने विहिरीला थोडे तरी पाणी असते, शाळेला सुट्टी असते आणि समुद्रही शांत झालेला असतो. त्यातही भाऊबीज शुद्ध द्वितीयेला आणि कार्तिकी एकादशी शुद्ध एकादशीला. आत्या माळकरी आहेत. एकादशीला त्या परक्या गावी राहणार नाहीत. सणाच्या लेकीबाळी सासरी परतेपर्यंत पंचमी उजाडते. म्हणून निघायचे षष्ठीला आणि परतायचे दशमीला, असे ठरले.

तिथी ठरल्या आणि त्या समुद्रावरही चालतात, हे नव्याने कळले. आम्ही पंचांग उघडतो ते नक्षत्र पाहून पेरणीचा अंदाज बांधण्यासाठी. कोकणातला नावाडी तिथी पाहतो ती भरतीसाठी. तेथे एक साधे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीला ती एकमेकींच्या आड येते आणि पाण्याची चढउतार सौम्य राहते, तिला तिकडे ‘भांग’ म्हणतात. आमचा किल्ल्याचा दिवस नेमका अष्टमीचा ठरला होता. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, आणि वयस्क माणसाला नौकेत चढा-उतरायला त्यातल्या त्यात निवांत पाणी. मुलाने हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडले.

वाहन म्हणजे अर्थातच एस.टी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. घरातल्या सर्वांत कमी प्रवास केलेल्या दोन माणसांचे भाडे असे सर्वांत कमी झाले. मुलाच्या मनात गोवा होता. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते आणि आमचे पैसेही साधारण तेथपर्यंतच पोहोचत होते. जत, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, कणकवली आणि मालवण असा मार्ग निश्चित झाला.

मार्गातले गगनबावडा हे नाव मराठीच्या अभ्यासकाला थबकायला लावणारे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे घराणे या बावड्याचे. बी.ए.च्या अभ्यासात भेटणारे त्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातील दुर्गांच्या प्रकरणात पंतांनी पाण्याविषयी जे सांगितले आहे, ते दुष्काळी भागातल्या वाचकाला राजनीतीपेक्षा गृहनीतीसारखे वाटते. किल्ला बांधण्याआधी जागेवर पाणी आहे का ते पाहावे; नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी-तळी करावीत; एका झऱ्यावर विसंबून राहू नये; साठवलेले पाणी जपावे. जगातला सर्वांत अधिक पाऊस पाहणाऱ्या प्रदेशांपैकी एका प्रदेशात राहणारा हा मुत्सद्दी पाण्याच्या टंचाईचा विचार इतका बारकाईने करतो, याचे मला नवल वाटत राहिले.

त्याचा उलगडा सिंधुदुर्गाने केला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला उभारला. क्षेत्र सुमारे ४८ एकर, चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. मुरूडच्या जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. बेटावरच्या अशा पाण्यामागे चमत्कार नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून मुरते आणि समुद्राच्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर थरासारखे तरंगून राहते. हा थर जपून उपसला तर वर्षानुवर्षे पुरतो; अधाशीपणाने उपसला तर खालून खारे पाणी वर चढते आणि विहीर नासते. आमच्याकडे बोअर खोल खोल नेताना नेमके काय घडले, ते समजण्यासाठी बेटावरची विहीर हा उत्तम धडा आहे. आमच्या थराखाली समुद्र नाही, कोरडा खडक आहे, एवढाच फरक.

आत्यांचे मन मात्र तोवर वळलेले नव्हते. बेताची पहिली वार्ता ऐकून त्यांनी विचारले होते, “देव कुठला हाय तिथं?” त्यांच्या प्रश्नात विरोध नव्हता, शिस्त होती. ज्या आयुष्यात देवाखेरीज दुसऱ्या कशासाठी चार दिवस मोकळे काढता येत नाहीत, तेथे देव हीच स्त्रीची रजेची चिठ्ठी असते. तशी चिठ्ठी मला मिळण्याजोगी होती. देवगडजवळ अगदी समुद्राच्या काठावर कुणकेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्याचे नाव पुढे केले असते तर सारे सोपे झाले असते. नवमीला कुणकेश्वर मी बेतात घेतलेही. पण त्याच्या आडून समुद्र दाखवायचा, हे मला पटेना. देव हे निमित्त आणि समुद्र हा वरकड नफा, असे एकदा ठरले की पुढच्या पिढीलाही निमित्त शोधतच घराबाहेर पडावे लागेल.

म्हणून मी आत्यांना तीन विहिरींची हकिकत सांगितली. त्या निवडत होत्या त्या शेंगा बाजूला ठेवून त्यांनी ती ऐकली. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या, दिवसभराच्या कामानंतर कोसभर लांबून घागर आणलेल्या या बाईने मला दोनदा विचारले, “खाऱ्या पाण्याच्या मधी गोडी हीर?” मग थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “ती हीर दाव मला. पाणी पिऊन बघू दे.” देवाचे नाव त्यानंतर त्यांनी काढले नाही.

या चौकशीत कोकणाविषयीचा माझा एक मत्सरही ओसरला. तेथे आमच्या कित्येक पट पाऊस पडतो, तरी उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र. पाणी चार महिन्यांत धावत समुद्राला जाते आणि चैत्र-वैशाखात तिकडच्या अनेक वाड्यांवरही टँकर लागतो. पाणी पडण्यात नाही, राहण्यात आहे, हे दोन्ही मुलखांना सारखेच लागू आहे. पाहुण्याने हे ध्यानी ठेवले तर तेथल्या मुक्कामात तो घरच्यासारखीच बादली मोजून वापरील.

आता वहीत बेत पूर्ण झाला आहे. पैसे बचत गटातल्या माझ्या पुंजीतून निघतील. आमच्या भागात कर्ज लग्नासाठी, दवाखान्यासाठी आणि विहिरीसाठी निघते. समुद्रासाठी काढू नये हे मलाही मान्य आहे, म्हणून दीड वर्ष थांबून साठवले. गाय आणि दोन शेळ्या शेजारच्या वहिनी पाहतील. माघात त्या लेकीकडे जातील तेव्हा त्यांची जनावरे मी पाहीन. शिदोरीला दशम्या आणि शेंगाची चटणी. षष्ठीचा दिवस प्रवासाचा, अष्टमी किल्ल्याची, नवमी कुणकेश्वराची, दशमी परतीची. सप्तमीच्या ओळीपुढे मात्र काही लिहिलेले नाही.

मुलाला ती ओळ रिकामी पाहवेना. तो दोन-तीन ठिकाणांची नावे घेऊन आला, आत्यांनीही त्या दिवशी काय करायचे म्हणून विचारले. “काही नाही, आत्या. वाळूत बसायचं,” मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि विचारले, “दिसभर?” मी होय म्हटले. त्या बसायला घोंगडे बरोबर घ्यायला सांगत आहेत. आमच्या घरात कोणाच्याही नावावर लागलेली ही पहिली सुट्टी आहे, आणि ती मी कोणत्याही कारणाने भरून टाकणार नाही.