टेबलाचा खण

परवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात जाण्याचा योग आला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून आमच्या या मुलखाला लोखंडाचा लळा आहे. वाङ्मयाचा प्राध्यापक असलेला मी मात्र कोरडाच राहिलो.

तो हळदीच्या पुड्या भरण्याचे यंत्र दुरुस्त करीत होता. रुळावरून मागेपुढे सरकणाऱ्या गाड्यातले पोलादी छरे काढून त्याने तेथे टेफ्लॉनमिश्रित अस्तर बसविले होते. (हे टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत एका रसायनज्ञाला अगदी अपघाताने सापडले.) छऱ्यांवर गाडा कितीतरी हलका धावतो, हे त्यालाही मान्य होते, पण हळदीची भुकटी वंगणात कालवली गेली, की छरे अडतात. अस्तराला तेल लागत नाही, म्हणून भुकटी चिकटत नाही. सांगलीला हळद सोडता येत नाही, तेव्हा छऱ्यांनाच रजा!

“पण सर, याचा एक हट्ट आहे,” तो म्हणाला. “गाडा वीतभर लांब असला, तर रुळापासून दोन वितींच्या आतच ओढावे. त्याहून दूर धरून ओढले, की तो तिरपा होतो, त्याचे कोपरे रुळात रुततात. मग जितका जोर लावाल, तितका तो अधिक आवळतो.”

मी गप्प झालो. मला वडिलांचे टेबल आठवले. त्याचा खण रुंदीला ऐसपैस, खोलीला तोकडा. दोन टोकांना दोन मुठी. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर ते डाव्या मुठीनेच खण ओढीत. तो अडे, ते हिसके देत, संतापत. “बाबा, जरा शांतपणे ओढा,” असे मी वर्गात बोलावे तसे बोलत असे. अखेर त्यांचे पासबुक नि कागदपत्रे मी माझ्या कपाटात हलविली. त्यानंतर पोस्टमनला दिवाळी द्यायची झाली, तरी त्यांना माझ्याकडे पैसे मागावे लागत. ते मागत, आणि मी देत असे.

त्या रात्री मी डाव्या हाताने डावी मूठ ओढून पाहिली. खण चार बोटे आला नि अडला. मग बोटांनी मधोमध धरून, त्याच एका हाताने ओढला. तो मुकाट्याने बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून मध्यभागी मूठ बसवून घेतली. इतक्या जुन्या, रिकाम्या खणाला नवी मूठ कशाला, असे त्याने विचारले. मी त्याच्यासाठी चहा सांगितला.