नावेच्या तळचे ओझे

माउलींनो, चाळीस वर्षे मी कीर्तनात एक दृष्टांत देत आलो : ओझे टाका, रिकामी नाव तरते. परवा मुळशी धरणाच्या कडेला चहाला थांबलो आणि तो दृष्टांत खोटा पडला.

ताम्हिणी घाट चढून आलेल्या ट्रेलरवर शिडाची होडी होती. तिच्या पोटाखाली माशाच्या परासारखे काहीतरी जाडजूड. पट्टे आवळता आवळता ट्रेलरवाला म्हणाला, "बाबा, हे वजन. बीड नाहीतर शिसं. वाऱ्यानं होडी कलली की हेच तिला उभी करतं."

रस्त्यावर मात्र ते जोखमीचे. होडीचा सारा भार त्या वजनावर, खाली लाकडी ठोकळे. बाजूचे गादी लावलेले टेकू नुसता तोल धरतात. भार त्यांच्यावर आला तर होडीचे अंग दबते. उंची फार, म्हणून डोलकाठी उतरवून आडवी बांधलेली, तरी विजेच्या तारांकडे लक्ष. भार चाकांच्या थोडा पुढे हवा, नाहीतर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावतो. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपताना मी पाहिल्यात, पण ही विद्या निराळी.

"मग वजन काढूनच का नेत नाही?" मी विचारले.

"ते होडीचंच अंग आहे, बाबा."

पौडला एका कीर्तनानंतर एक बाई पाया पडून म्हणाल्या होत्या, "महाराज, आंधळ्या सासूचं ओझं कुठं टाकू?" मी हसून बुक्का लावला आणि पुढच्याकडे वळलो.

आता गळा चालत नाही, म्हणून इथे लिहितो. त्या बाई कुणाच्या ओळखीच्या असतील, तर एवढे त्यांना वाचून दाखवा.