चितकबरीचा केस पेपर

कोंबडी आजारी पडली की आपल्या मोहल्ल्यात पहिला सल्ला एकच मिळतो, मुर्दार व्हायच्या आत बिस्मिल्ला करून टाका. आमची चितकबरी दोन दिवस दाण्याला तोंड लावेना, हिरवट पातळ शीट टाकू लागली, तेव्हा शेजारच्या खालांनी सुरीच आणून दिली. अम्मींनी मात्र ती परत केली. चितकबरीची अंडी विकून त्या सदक्याचे पैसे बाजूला टाकत. ‘जनावर बेजुबान आहे, आधी इलाज तर करून बघू,’ एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हा आम्ही तिला भाजीच्या टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. शाळा सुटल्यावरची वेळ. तिथे गाई, शेळ्या, एक बैल. केस पेपर लिहिणारा गृहस्थ हसला. ‘कोंबडीचा पेपर? गुरुजी, औषधाच्या खर्चात दुसरी येईल!’ हिशोब त्याचा बरोबर होता, पण आम्ही रांगेतून हललो नाही.

डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेले नाही. मान एका बाजूला वळलेली, एक पाय ओढत चालते, श्वासाला घरघर. शेजारी आणखी कुणाच्या कोंबड्या दगावल्या का, हे त्यांनी आधी विचारले. दगावल्या होत्या, आठवड्यात चार. ‘मानमोडी दिसते,’ ते म्हणाले. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊँमधल्या त्या गावावरून. रोग विषाणूचा, म्हणून त्यावर खात्रीचे औषध नाही. वेगळी ठेवा, पाण्यातून जीवनसत्त्वे द्या, हात साबणाने धुवा, हा रोग माणसाचे डोळेही लाल करतो. कापून खाण्याचा विचार सोडा. मेली तर उकिरड्यावर टाकू नका, कुत्री-कावळे रोग पसरवतील; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

चितकबरी तिसऱ्या रात्री गेली. अम्मींनी खड्डा आपल्यासमोर करून घेतला.

पण डॉक्टरांचे खरे सांगणे पुढचे होते. लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आरटूबी, कातडीखाली. अडचण एवढीच की एक कुपी 100 कोंबड्यांची, आणि पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. पाच-सात कोंबड्यांच्या घराला ती कशी परवडणार? त्यामुळे लस कुणीच घेत नाही आणि दर उन्हाळ्यात खुराडी रिकामी होतात.

आम्ही वहीत घरोघरच्या कोंबड्या मांडल्या. अकरा घरांत 83 भरल्या. आजारी दिसणाऱ्या वगळून, कारण त्यांना लस देत नाहीत. काही जणी म्हणाल्या, अंडी बंद होतील. थोडे दिवस कमी होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, तेच आम्ही सांगितले. खर्च कोंबडीमागे वाटून घेतला, तो एका अंड्याच्या किमतीपेक्षा कमीच पडला.

इतवारी फजरनंतर, ऊन चढायच्या आत, लस बर्फ भरलेल्या थर्मासातून आली. रात्रीच खुराडी बंद ठेवल्याने कोंबड्या हाताशी होत्या. मुलांनी पंख धरले, डॉक्टरांनी टोचले. सुरी आणणाऱ्या खालांच्या सात कोंबड्या सगळ्यांत आधी रांगेत होत्या.