चरोदा : पत्त्यावर पोहोचवणारं गाव

छत्तीसगडला फिरायला जायचं म्हटलं की यादीत चित्रकोटचा धबधबा येतो, सिरपूरचं विटांचं मंदिर येतं, डोंगरगडची बम्लेश्वरी येते. चरोदा कुणाच्या यादीत नसतं. पण तुम्ही नागपूरहून रायपूरकडे रेल्वेने गेला असाल, तर चरोदा तुमच्या खिडकीसमोरून गेलेलं आहे. दुर्ग सुटतं, भिलईची स्टेशनं मागे पडतात आणि एकदम रुळांची संख्या वाढायला लागते. दहा, पंधरा, मग मोजणंच सोडून द्यावं लागतं. त्यावर तपकिरी, धुळकट मालगाड्या उभ्या असतात. बहुतेक प्रवासी याच वेळी डबा उघडतात किंवा मोबाइलमध्ये डोकं घालतात. पुढच्या वेळी तसं करू नका. ही दहा मिनिटं बाहेर पाहण्यासारखी आहेत.

हे भिलईचं मार्शलिंग यार्ड, देशातल्या मोठ्या यार्डांपैकी एक. इथले लोक त्याला ‘बीएमवाय’ म्हणतात आणि गावाचं नावही पुष्कळदा ‘बीएमवाय चरोदा’ असंच सांगतात. इथल्या एका वस्तीचं नाव ‘जी केबिन’ आहे. एखाद्या वस्तीला देवाचं किंवा पुढाऱ्याचं नाव असतं, इथे रेल्वेच्या केबिनचं आहे. भिलई-चरोदा ही आता महानगरपालिका आहे, शेजारी इलेक्ट्रिक इंजिनांची मोठी शेड आहे आणि वस्तीत रेल्वेत नोकरी केलेली घरं खूप.

तुमच्या घरी येणाऱ्या पार्सलचा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर चरोद्यासारखी जागा नाही. गोदामात किंवा टपाल कार्यालयात बंद दाराआड जे चालतं, तेच इथे उघड्या आकाशाखाली, हजार पट मोठं करून मांडलेलं आहे.

पत्रांची पेटी आणि वाघिणींचं यार्ड

टपालाची छाटणी कशी होते ते आठवा. सगळी पत्रं एका ढिगात येतात. समोर खणांची मांडणी असते. सॉर्टर प्रत्येक पत्ता वाचतो आणि पत्र त्या त्या खणात टाकतो. खण भरला की त्याची थैली बांधून पुढे पाठवतात. आपल्याकडे ही छाटणी चालत्या रेल्वेतही होत असे. १८६३ मध्ये अलाहाबाद ते कानपूर या मार्गावर तिची सुरुवात झाली आणि पुढे ‘आरएमएस’ ही तीन अक्षरं घराघरांत माहीत झाली.

मार्शलिंग यार्डात हेच काम वाघिणींचं असतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून मिसळलेल्या वाघिणींची गाडी येते. तिचं इंजिन सोडतात. कोणती वाघीण कुठे जायची याची यादी तयार असते. मग मागून दुसरं इंजिन ती सगळी रांग हळूहळू एका उंचवट्यावर ढकलतं. या उंचवट्याला ‘हंप’ म्हणतात. माथ्यावर वाघिणी सोडवल्या जातात आणि उताराला लागलेली वाघीण इंजिनाशिवाय, केवळ स्वतःच्या वजनाने खाली घरंगळत जाते. केबिनमधून सांधे बदलले जातात आणि ती आपल्या रुळावर जाऊन उभी राहते. एक रूळ म्हणजे एक खण. रूळ भरला की नवी गाडी तयार!

आता जरा ऑनलाइन खरेदीच्या गोदामाकडे या. तिथे फिरत्या पट्ट्यावर ट्रे असतात. वरचा स्कॅनर पार्सलवरचं लेबल वाचतो आणि ट्रे नेमक्या जागी कलतो. पार्सल घसरत आपल्या शहराच्या पिशवीत पडतं. उंचवटा, उतार, खण ही कल्पना तीच आहे.

आणि अडचणही तीच आहे. यंत्र कितीही हुशार असो, ते वस्तू ओळखत नाही, तिच्यावरचं लेबल ओळखतं. लेबल चुकलं, फाटलं किंवा मळलं की सगळी हुशारी वाया!

लेबल आणि धूळ

पूर्वी प्रत्येक वाघिणीच्या अंगावर एक लेबल अडकवलेलं असे. माल कुठून निघाला, कुठे जायचा, आत काय आहे, हे त्यावर लिहिलेलं असे. यार्डात गाडी आली की नंबर टेकर वही घेऊन तिच्या कडेने चालत जाई आणि एकेका वाघिणीचा नंबर उतरवून घेई. उन्हाळ्यात इथला रूळ तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात खडीवर पाय ठरत नाही, रात्री हातात कंदील किंवा बॅटरी. अशा अवस्थेत लिहिलेला एक आकडा चुकला, तर एक अख्खी वाघीण भलत्याच गावाला जायची.

या त्रासावर अमेरिकेत एक उपाय निघाला. डेव्हिड कॉलिन्स या तरुणाने विद्यार्थी असताना रेल्वेत काम केलं होतं आणि वाघिणींचे नंबर टिपण्याची कटकट जवळून पाहिली होती. पुढे त्याने वाघिणीच्या अंगावर चिकटवायची रंगीत, चमकणाऱ्या पट्ट्यांची खूण तयार केली. रुळाशेजारचं यंत्र धावत्या गाडीवरूनच ती वाचत असे. १९६७ मध्ये तिथल्या रेल्वे संघटनेने ही पद्धत सर्वांसाठी ठरवून दिली. दुकानातल्या वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो १९७४ मध्ये, च्युइंगमच्या पाकिटावर. म्हणजे किराणा सामानाच्या आधी मालगाडीला पट्ट्यांचं लेबल लागलं होतं!

पण रेल्वेतला हा प्रयोग फसला. कारण धूळ. काही वर्षांत साधारण पाचातलं एक लेबल यंत्राला वाचता येईना. ती पुसत राहणार कोण? १९७० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत सोडून दिली गेली. चरोद्यात कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या वाघिणी पाहिल्या की याचं कारण कुणी वेगळं सांगावं लागत नाही. तिथे दुपारभर उभं राहा, तुमचा पांढरा रुमालच सांगेल.

चूक पकडणारा शेवटचा आकडा

आपल्या वाघिणींवर अकरा आकड्यांचा नंबर रंगवलेला असतो. गाडी उभी असेल तेव्हा मुलांना तो वाचायला लावा, छान खेळ होतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकड्यांचा स्वतःचा क्रमांक. अकरावा आकडा मात्र पहारेकरी आहे.

समजा, नंबर ३१०८१३६५४९८ असा आहे. पहिल्या दहा आकड्यांपैकी दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा घ्या : १, ८, ३, ५, ९. बेरीज २६, तिची तिप्पट ७८. उरलेल्या ३, ०, १, ६, ४ यांची बेरीज १४. दोन्ही मिळून ९२. आता पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे १०० ला किती कमी? ८. आणि शेवटचा आकडा ८ च आहे. मधला एखादा आकडा चुकून उतरवला गेला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. बिस्किटाच्या पुड्यावरच्या बारकोडचा शेवटचा आकडाही याच तिपटीच्या हिशेबाने काढतात. पुढच्या वेळी चहाबरोबर हा हिशेब करून बघा.

अलीकडच्या वर्षांत वाघिणींना रेडिओ लहरींनी वाचता येणारे टॅग बसवले जात आहेत. रुळाशेजारच्या यंत्राला खूण दिसावी लागत नाही, त्यामुळे धुळीचं भय राहिलेलं नाही.

पिनकोड देणारा मराठी माणूस

वाघिणीला अकरा आकडे, तसे आपल्या पत्त्याला सहा. हे सहा आकडे देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. आपल्याकडे एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत. मराठीत लिहिलेलं पत्र चेन्नईच्या सॉर्टरने कसं वाचायचं? आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाटणीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हे सगळे ४ ने सुरू होतात. त्यात छत्तीसगडचे ४९ आणि भिलईचे ४९०.

या आकड्यांमुळेच पुढे यंत्रं आली. १९९३ मध्ये मुंबईत आणि १९९६ मध्ये चेन्नईत पत्रं छाटणारी स्वयंचलित यंत्रणा बसवली गेली. असं यंत्र पाकिटाचा फोटो घेतं, पिन वाचतं आणि पत्र खणात टाकतं. वाचता आलं नाही, तर फोटो पडद्यावर बसलेल्या माणसापुढे येतो. शेवटी माणूस लागतोच!

भिलईला तर पिनची गरज जास्तच. इथे ‘भिलई’, ‘भिलई नगर’ आणि ‘भिलई पॉवर हाउस’ अशी तीन वेगळी स्टेशनं आहेत. पाकिटावर नुसतं ‘भिलई’ लिहून राखी पाठवली, तर तिने कुठे उतरायचं?

रुळांवरची माणसं

भिलई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये झालं. कारखान्याला खनिज आणि कोळसा आणायचा, तयार पोलाद देशभर न्यायचं, या धावपळीत यार्डाची भरभराट झाली. पण या कामाची किंमत माणसांनी मोजली. दोन वाघिणी जोडायच्या तर जुन्या पद्धतीत माणसाला दोन बफरांच्या मधे शिरून साखळी अडकवावी लागे. घरंगळणाऱ्या वाघिणीचा आवाज फारसा येत नाही आणि ती हाक मारून थांबत नाही. शंटिंगवाल्याच्या घरी रात्रपाळीचा माणूस परतेपर्यंत कुणाचा डोळा लागत नसे, यात नवल नाही. आपोआप अडकणारे कपलर आले आणि माणूस त्या फटीतून बाहेर निघाला. माझ्या मते लेबल वाचणाऱ्या कोणत्याही यंत्रापेक्षा हा शोध मोठा आहे.

१९८० च्या दशकापासून रेल्वेने एकाच मालाची अख्खी गाडी एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर भर दिला. वाघिणी वेगळ्या कराव्याच लागल्या नाहीत तर छाटणी कशाला? देशभरातल्या यार्डांमधलं छाटणीचं काम त्यामुळे खूप कमी झालं. वही घेऊन चालणारा नंबर टेकरही गेला. माणूस धोक्यातून सुटला हे चांगलंच, पण त्याच सुधारणेने कुणाची तरी रोजीही हलली. चरोद्यात फिरताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. मी कंटेंट रायटर आहे, दिवसभर वस्तूंवरचा मजकूर लिहिते. वस्तूमागे कुणाचे पाय चालले असतील, हा विचार इथे आल्यावर टाळता येत नाही.

देवबलोद्याचा महादेव

चरोद्याला लागूनच देवबलोदा आहे. तिथलं कलचुरी काळातलं शिवमंदिर साधारण तेराव्या शतकातलं असून पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरच्या भिंतींवर हत्ती, शिकारीची दृश्यं, देवदेवता कोरल्या आहेत. शेजारी पाण्याचं कुंड आहे. मंदिराला शिखर नाही आणि ते अपुरं का राहिलं याची गोष्ट गावातला कुणीही तुम्हाला रंगवून सांगेल. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. कोरीव काम शांतपणे पाहायचं असेल तर तो दिवस सोडून जा.

जाण्यापूर्वी

* नागपूरहून रेल्वेने दुर्गला साधारण चार तास लागतात. तिथून रायपूरकडे जाणारी लोकल घेऊन ‘देवबलोदा चरोदा’ स्टेशनवर उतरा. एक्स्प्रेस गाड्या इथे थांबतील असं धरून चालू नका.
* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात मुलांना घेऊन येऊ नका.
* यार्ड ही रेल्वेची कामाची जागा आहे. रूळ ओलांडू नका, आत शिरू नका. लोकलच्या खिडकीतून ते सगळ्यात छान दिसतं.

आणि घरी परतल्यावर, दिवाळीचा फराळ दूरच्या लेकीला पाठवताना एवढं करा. पिन मोठ्या, सुट्या आकड्यांत लिहा. जुना खोका वापरणार असाल तर त्यावरचं आधीचं लेबल पूर्ण काढा, नाहीतर यंत्र तेच वाचेल. बारकोडवर चकचकीत चिकटपट्टी लावू नका आणि तो खोक्याच्या कडेवर दुमडू देऊ नका. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं, तर कुठल्या तरी गोदामात कुणीतरी तो खोका उघडेल आणि तुमच्या चकल्या कुणाच्या आहेत हे त्याला त्या चिठ्ठीवरूनच कळेल.