पाठीचा लीस्ट काउंट

चाकण-महाळुंगे पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. ॲल्युमिनियम कास्टिंगवरचे ब्लोहोल, बर, डेंट शोधायचे आणि पार्ट ओके की एनजी ते ठरवायचं. अधूनमधून आमचा एमएसए होतो, म्हणजे तपासणीचीच तपासणी. चांगले-वाईट मिसळलेले तेच पार्ट क्रम बदलून वेगवेगळ्या इन्स्पेक्टरांपुढे पुन्हा पुन्हा ठेवतात. दोघांचे निकाल जुळत नाहीत, हे समजू शकतं. पण सकाळी ओके केलेला पार्ट दुपारी तोच माणूस एनजी करतो. पार्ट तोच, टेबल तेच, उजेडही तेवढाच. मग बदललं काय?

हे मी एकदा कंपनीच्या बसमध्ये बोलून गेलो. मेंटेनन्सचे एक दादा मागच्या सीटवरून म्हणाले, "सगळा एनर्जीचा खेळ आहे. मन जसं, तसं जग. मरकळला दहा दिवस बसून ये, म्हणजे कळेल."

मरकळ आळंदीच्या पुढे. तिथे धम्मानंद हे विपश्यना केंद्र आहे. फी नाही, सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं. घरच्यांना सांगितलं तर आई म्हणाली, "दहा दिवस न बोलता? तू?"

पोचल्यावर मोबाइल जमा झाला आणि आर्यमौन सुरू झालं. पहाटे चारला घंटा, साडेनऊला दिवे बंद, मधे दहा तासांहून जास्त बैठक. शिकवणारा आवाज सत्यनारायण गोएंका यांचा, ध्वनिमुद्रित. ते 2013 मध्ये वारले. जन्म 1924 चा, मंडालेतला, पेशा व्यापाराचा. मायग्रेनने हैराण होऊन 1955 मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी सांगितलं की नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर ही जागा नव्हे. हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. 1969 मध्ये गोएंका ही विद्या घेऊन भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. परंपरेच्या मुळाशी हिशेबाचा माणूस निघाला, म्हणून मला जरा धीर आला. एनर्जीवाल्यांपेक्षा ऑडिटरशी माझं जास्त जमतं.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेत काय होतंय ते बघायचं. मी बघायला बसायचो आणि मन थेट लाईनवर जायचं. पेंडिंग रिवर्क, भावाचं लग्न, पगारवाढ. तरी हळूहळू त्या जागेवर गार-गरम कळू लागलं, कधी खाज, कधी बारीक ठोके.

चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष न्यायचं, जी संवेदना असेल ती बघायची, आवडली म्हणून धरायची नाही, नकोशी म्हणून ढकलायची नाही. माझा गोंधळ इथे सुरू झाला. ओठांवर काहीतरी होतं, बोटांच्या टोकांवर झिणझिण्या होत्या, तळहात तर भणभणत होते. पाठ मात्र कोरी. पोटऱ्या कोऱ्या. तासभर मांडी न हलवता बसायचं असल्याने गुडघा तेवढा बोंबलत होता.

दुपारच्या वेळेत सहायक आचार्यांना प्रश्न विचारता येतात. मी विचारलं, "गुरुजी, हातातल्या झिणझिण्या खऱ्या की मी लक्ष दिलं म्हणून झालेल्या?" ते म्हणाले, "आली का? गेली का? एवढंच बघा." आमच्याकडे अशा उत्तरावर कुणी सही केली नसती. मी नमस्कार करून परत जागेवर जाऊन बसलो.

परतल्यावर वाचलं, तेव्हा पाठीचं कोडं थोडं सुटलं. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतराने दोन टोकं टेकवली तर ती दोन आहेत हे कळतं. पाठीवर तीच टोकं तीन-चार सेंटिमीटर दूर न्यावी लागतात. त्याच्या आत दोन्ही मिळून एकच वाटतात. वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनने 1930 च्या दशकात मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा शोधला, त्यात ओठ आणि हात अवाढव्य आहेत, पाठ नावापुरती. आमच्या भाषेत, बोटाला व्हर्नियर मिळालाय आणि पाठीला सुताराची पट्टी. दोन्हींनी मोजलेलं जग आपण एकसारखं खरं मानतो. लक्ष देण्याचाही परिणाम असतो: कुणी स्पर्श न करता नुसतं हातावर लक्ष धरलं, तरी पुष्कळांना तिथे मुंग्या जाणवतात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणजे दादांचं म्हणणं बरोबर? मला तसं वाटत नाही. रोजच्या प्रवचनात शरीर म्हणजे उत्पन्न होऊन नष्ट होणाऱ्या सूक्ष्म कणांचा प्रवाह, असं येतं. त्याला भौतिकशास्त्राचा दाखलाही दिला जातो. पण कातडीवरची झिणझिण म्हणजे अणूंची हालचाल प्रत्यक्ष कळणं, ही उडी मला घेता आली नाही. मज्जातंतूंना तेवढं बारीक मोजता येत नाही. एनर्जीने परिस्थिती बदलते असं तर तिथे कुणी म्हटलंही नाही.

बदललं ते दुसरंच. गुडघ्याच्या दुखण्याकडे बघता बघता त्याचे भाग सुटे झाले: एक दाब, एक जळजळ, आणि त्यावर माझं स्वतःचं 'आता पाय गेला, उठ' हे पालुपद. दाब-जळजळ होतीच. पालुपद मधेच थांबलं, की उरलेलं सोसण्याजोगं होतं. पालुपद परत आलं, की तेच दुखणं असह्य.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात कस्टमर कंप्लेंट आली. मेल उघडताच छातीत गरम, कान तापलेले. एरवी त्या गरमीतच मी उत्तर टाइप केलं असतं. या वेळी गरमी ओसरेपर्यंत थांबलो आणि मग पार्ट मागवला. पार्टवर बर होता तो होताच. माझ्या शांत होण्याने तो घासला गेला नाही. रिवर्क करावंच लागलं. मात्र उत्तरात कुणावर ढकललं नाही, त्यामुळे मूळ कारण दुपारपर्यंत सापडलं. मन जसं तसं जग, यातला मला पटलेला भाग एवढाच.

आळंदीत ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत दाखवतात. मला आता त्या भिंतीपेक्षा चांगदेवपासष्टीचं जास्त कुतूहल वाटतं. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या त्या 65 ओव्यांत पाहणारा आणि पाहिलेलं यांची फारकतच नाकारली आहे. मला ती अजून नीट कळत नाही. इन्स्पेक्टरला पार्टपासून वेगळं उभं राहायचीच सवय.

आणि एक गोष्ट या सगळ्या स्पष्टीकरणात बसत नाही. शिबिराच्या शेवटाकडे कोरी पाठ जागी झाली. खांद्यांपासून कमरेपर्यंत बारीक सरसर, सलग. सरावाने माझं मोजमाप सुधारलं, की वाट बघून बघून मनाने रिकामी जागा भरली? कंपनीत गेजची शंका आली की मास्टर पीस लावून बघतो. पाठीच्या सरसरीला मास्टर कुठला लावणार? इथे पार्टही मी, गेजही मी आणि सही करणाराही मीच. दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अजून एकदा जाऊन ये." रजेचा अर्ज भरलाय. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे गच्चीवर अर्धा तास बसतो. पाठ कधी लागते, कधी लागत नाही.