सशाची साक्ष

आमच्या प्रयोगशाळेच्या शीतकपाटांत एक इवलीशी कुपी होती. तींत सशाच्या रक्तापासून सिद्ध केलेलें प्रतिपिंड होतें, आणि जवळजवळ दोन वर्षें मीं त्यावर आंधळा विश्वास टाकला होता.

मेंदूंतील चेतापेशींच्या पटलावर असेटिलकोलीनचा संदेश झेलणारें एक ग्राही प्रथिन असतें. ‘आल्फा-सात’ हें त्याच्या घटकाचें नांव. असे पांच घटक मिळून एक सूक्ष्म दार बनतें. हीं दारें मेंदूच्या कोणत्या भागांत दाट आहेत, या प्रश्नावर माझ्या प्रबंधाचा सारा डोलारा उभा होता. मेंदूचा अर्क विजेच्या योगानें जेलच्या थरांतून ओढला, वजनानुसार निवडलेलीं प्रथिनें पडद्यावर उतरविलीं आणि त्यावर प्रतिपिंड सोडलें. सुमारें 55 हजार डाल्टनांच्या जागीं ठसठशीत काळी रेघ उमटली. मला कोण आनंद झाला!

आमच्या वृद्ध अध्यापकांनीं ती पट्टी उजेडांत धरून पाहिली. “छान. ज्याच्यापाशीं हें प्रथिन मुळींच नाहीं, त्या उंदराला विचारलेंत का?”

या प्रथिनाचें जनुक काढून टाकलेले उंदीर 1997 सालापासून उपलब्ध आहेत. तशा एका उंदराच्या मेंदूचा अर्क मीं शेजारच्या रकान्यांत घातला. तेथेंहि तीच रेघ, तितकीच काळी.

प्रतिपिंड कशाला तरी चिकटत होतें खरें, पण तें आल्फा-सात नव्हतें. प्रतिपिंड ओळखतें तो आकाराचा एक लहानसा तुकडा. हजारों प्रथिनांच्या गर्दींत तसा तुकडा दुसऱ्या कोणापाशीं असला, आणि वजनहि जुळलें, तर फसगत ठरलेली. या जातीच्या कित्येक प्रतिपिंडांविषयीं नेमका असाच अनुभव सांगणारा निबंध 2007 सालीं प्रसिद्ध झाला होता. लाजेची गोष्ट ही, कीं तो मीं वाचलेला होता! आपली कुपी निराळी, अशी मनाची समजूत घातली होती, इतकेंच.

शेवटीं आधार मिळाला तो सर्पविषाचा. तैवानांत चांग आणि ली यांनीं मण्यार जातीच्या सर्पाच्या विषांतून आल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळें केलें, तें 1963 सालीं. किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेलें तें विष साध्या उंदराच्या हिपोकॅम्पसमध्यें घट्ट बसलें. जनुकहीन उंदराचा मेंदू मात्र कोरा राहिला. ज्या सर्पाच्या नुसत्या नांवानें अंगावर कांटा यावा, त्यानेंच माझी अब्रू राखली.

सगळी नव्हे. माझ्या नकाशांतील एक दाट प्रदेश पार पुसला गेला, आणि प्रबंधाचें तिसरें प्रकरण मीं स्वतःच्या हातानें काढून टाकलें. कुपी टाकली नाहीं. तिच्यावर पूर्वीं हौसेनें लिहिलेलें ‘उत्तम’ खोडून तेथें त्या उंदराचा क्रमांक लिहून ठेवला.