तारीख काय पळून जाते?

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचे, हा आमचा जुना रिवाज. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती आणि अलीकडे गाडीचे लायसन्स. बी.कॉम. झालेल्या माणसाला कागदातले सगळे कळते, असा लोकांचा समज. आणि खरे सांगायचे तर आमचाही. तो समज 2024 च्या जूनमध्ये उतरला.

आमच्या गल्लीतल्या एका तरुणाला एका डॉक्टरांकडे मोटार चालवण्याची नोकरी मिळायची होती. वडील हमाल. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार त्या घरात पहिल्यांदाच येणार होता. डॉक्टरांची अट एकच : जुलैअखेर पक्के लायसन्स हातात पाहिजे. कच्चे लायसन्स 12 जानेवारीलाच निघाले होते, पण ट्रेनिंग स्कूलची फी हप्त्याहप्त्याने भरत गाडी शिकायला मे उजाडला. आम्ही अर्ज भरला, 18 जूनची तारीख मिळाली. त्या वेळी पोराचा फोन बिघडलेला, म्हणून मोबाइलच्या रकान्यात आम्ही आमचाच नंबर टाकला.

16 जूनला, रविवारी रात्री, त्याच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यातून पोराचा फोन आला, "काका, परवाच्या तारखेचं काय करू?"

आम्ही म्हणालो, "आधी वडलांकडं बघ. तारीख काय पळून जाते?"

बोललो ते मायेने. पण त्याच रात्री 'सारथी'च्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून ती तारीख रद्द करता आली असती आणि लगेच दुसरी पाहता आली असती. तारीख घ्यायची कशी हे आम्हाला पाठ होते. घेतलेली परत कशी करायची, हे आम्ही कधी उघडून पाहिलेच नव्हते. आपण गेलो नाही म्हणजे ती आपोआप रद्द झाली, अशी आपल्या लोकांची समजूत असते. कोर्टात मात्र जाता येणार नसेल तर वकील उभा राहून पुढची तारीख मागतो, हे आपल्याला माहीत असते!

वडील आठ दिवसांनी घरी आले, तेव्हा पोरगा आरटीओत गेला. खिडकीवर सांगितले, अर्जावर जुनीच तारीख दिसते, गैरहजेरीची नोंद झाल्यावर पुढचे बघा. त्यात चार दिवस गेले. मग तो सायबर कॅफेत नवी तारीख घ्यायला बसला, तर ओटीपी आला आमच्या फोनवर, आणि आमचा फोन साहेबांच्या मीटिंगमुळे बंद. संध्याकाळी फोन उघडला तेव्हा त्याचे अकरा मिस्ड कॉल होते. रात्री दोघे मिळून बसलो, तेव्हा जवळची तारीख एकच उरली होती : 16 जुलै.

कच्च्या लायसन्सची मुदत 11 जुलैला संपत होती.

1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कच्चे लायसन्स सहा महिनेच चालते. ते निघाल्यापासून तीस दिवस पुरे झाल्याशिवाय पक्क्यासाठी चाचणी देता येत नाही. चाचणीत नापास झाले तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाले तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. म्हणजे सहा महिने दिसायला सहा, पण हाताशी असतात पाचच. त्यातले शेवटचे पंधरा दिवस चाचणीसाठी धरून बसणे हा जुगार, आणि आम्ही तो दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर खेळलो.

ब्रिटनमध्ये याचा नियम फार कडक आहे. 8 एप्रिल 2025 पासून तिथे मोटारीची चाचणी रद्द करायची वा बदलायची असेल तर पूर्ण दहा कामाचे दिवस आधी कळवावे लागते. पूर्वी तीन दिवस पुरत. उशीर केला तर फी बुडाली. मात्र आजारपण, घरातला मृत्यू, परीक्षा अशा कारणांसाठी दाद मागता येते. परवा न येणाऱ्याची जागा आज दुसऱ्याला द्यायची, एवढाच त्यामागचा हिशेब. 18 जूनला आमच्या पोराची जागा रिकामी गेली. ती कोणा गरजूला मिळाली असती, हे आमच्या मनात तेव्हा आलेही नाही.

त्याने कच्चे लायसन्स पुन्हा काढले. दीडशे रुपये, वर चाचणीचे पन्नास. पैसे आम्ही देऊ केले. "राहू द्या काका" म्हणाला. 5 सप्टेंबरला तो पहिल्याच खेपेला पास झाला. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच दुसरा माणूस ठेवला होता. त्यांचे तरी काय चुकले? पोरगा आज एका कारखान्यात रोजंदारीवर जातो आणि सुटीच्या दिवशी कोणी बोलावले तर गाडी चालवतो. वडिलांची हमाली सुटली आहे.

समाजमंदिरात आम्ही आता एक वही ठेवली आहे. नाव, अर्जाचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि कच्च्याची मुदत कधी संपते, असे चार रकाने. मोबाइल नंबर ज्याचा त्याचाच घेतो. कुणाला ठरलेल्या तारखेला जाणे होणार नसेल तर गुरुवारची वाट पाहू नये. रात्री दहापर्यंत घरी आलात तरी चालेल, येताना अर्जाची पावती तेवढी आणावी.